मोझेस आणि रामसेस खरंच भाऊ होते का? बायबलच्या गोष्टी पडद्यावर येताना काय काय बदलतं?

आधी तीन सोपे प्रश्न. खरं की खोटं, एवढंच सांगायचं.

एक, मोझेस आणि इजिप्तचा राजा रामसेस एकाच राजवाड्यात भावांसारखे वाढले.

दोन, बाळ येशूला बघायला पूर्वेकडून तीन ज्ञानी पुरुष आले.

तीन, येशूची शिष्या मेरी मॅग्डलीन आधी वेश्या होती.

बरेच जण तिन्हींना ‘खरं’ म्हणून टाकतील. पण बायबल उघडून बघितलं तर यातलं एकही वाक्य तिथं सापडत नाही. ज्या फारोशी मोझेसचा सामना होतो, त्याचं नावच बायबल देत नाही. ज्ञानी पुरुष आले, त्यांनी तीन भेटवस्तू दिल्या, एवढं आहे, पण माणसं किती होती ते नाही. आणि मेरी मॅग्डलीनला वेश्या तर बायबलमध्ये कुणीच म्हटलेलं नाही.

मग हे सगळं आपल्या डोक्यात आलं कुठून? काही जुन्या परंपरांमधून, काही प्रवचनांमधून, काही चित्रांमधून. आणि गेल्या सव्वाशे वर्षांत जगभर पोचलं ते सिनेमातून.

त्यामुळे प्रश्न असा आहे की बायबलची गोष्ट सिनेमात येते तेव्हा नेमकं काय होतं? दिग्दर्शक काय भरतो, काय गाळतो, आणि त्याचा परिणाम कुणाला भोगावा लागतो? एकेक करून बघूया.

बायबल फार कमी बोलतं, हीच मुख्य अडचण

नोहाची गोष्ट घ्या. महापूर, मोठं तारू, प्राण्यांच्या जोड्या आणि शेवटी इंद्रधनुष्य. उत्पत्ती या पुस्तकातल्या ६ ते ९ या चार अध्यायांत ती संपते. निवांत वाचली तरी पाव तास पुरतो.

गंमत म्हणजे या चार अध्यायांत नोहा जवळपास गप्पच आहे. देव सांगतो, जग बुडणार आहे. नोहा काही विचारत नाही. तारू बांधतो, आत जातो, पूर येतो, ओसरतो, तरी त्याच्या तोंडी एक वाक्य नाही. पूर संपल्यावर तो द्राक्षमळा लावतो, दारू पिऊन झिंगतो आणि नातू कनानला शाप देतो. बायबलमधले नोहाचे पहिले शब्द म्हणजे हा शाप. त्याच्या बायकोचं तर नावही दिलेलं नाही.

आता यावर सव्वादोन तासांचा सिनेमा करायचा आहे. हिरो बोलत नाही, हिरोइनला नाव नाही. जगातली बाकीची माणसं बुडताना नोहाला काय वाटलं, हा प्रेक्षकाच्या मनात सगळ्यात आधी येणारा प्रश्न, आणि त्याचंच उत्तर मूळ मजकुरात नाही.

म्हणजे दिग्दर्शकाला मोकळ्या जागा भराव्याच लागतात. ‘आम्ही बायबलमध्ये आहे तसंच दाखवलंय’ असं कुणी कितीही म्हटलं, तरी चेहरा, आवाज, कपडे, भाषा आणि मनातले विचार कुणीतरी ठरवलेलेच असतात.

आणि हे काही हॉलिवूडनं सुरू केलेलं नाही. धर्मग्रंथातल्या मोकळ्या जागांचा अर्थ लावणाऱ्या, त्या कथांनी भरणाऱ्या ज्यू परंपरेला ‘मिद्राश’ म्हणतात. ती हजार-दीड हजार वर्षांहून जुनी आहे. आपल्याकडेही लक्ष्मणरेषा सगळ्यांना माहीत असते, पण वाल्मीकी रामायणाच्या अरण्यकांडात ती सापडत नाही. गोष्टी सांगता सांगता वाढतात. फरक एवढाच की सिनेमात वाढलेली गोष्ट डोळ्यांना दिसते. आणि जे दिसलं ते जास्त खरं वाटतं.

एकच मोझेस, तीन काळ

मोझेसची गोष्ट थोडक्यात अशी. इजिप्तमध्ये इस्राएली लोक गुलाम आहेत. राजा त्यांची तान्ही मुलं मारायचा हुकूम काढतो. एक आई आपल्या बाळाला टोपलीत घालून नदीत सोडते, ते राजकन्येला सापडतं आणि राजवाड्यात वाढतं. मोठा झाल्यावर तोच मुलगा देवाच्या आज्ञेनं फारोसमोर उभा राहतो आणि आपल्या लोकांना सोडवतो. मराठी बायबलमध्ये त्याला मोशे म्हणतात आणि ही गोष्ट निर्गम या पुस्तकात आहे.

आता ही एकच गोष्ट तीन वेगवेगळ्या वर्षी कशी सांगितली गेली ते बघा.

१९५६, ‘द टेन कमांडमेंट्स’. दिग्दर्शक सेसिल बी. डमिल, मोझेस झालेत चार्लटन हेस्टन आणि रामसेस झालेत यूल ब्रायनर. लांबी साडेतीन तासांहून जास्त. सिनेमा सुरू व्हायच्या आधी डमिल स्वतः पडद्यासमोर येऊन बोलतात. ते दोन गोष्टी कबूल करतात. पहिली, मोझेसच्या आयुष्यातली जवळपास तीस वर्षं बायबलमध्ये नाहीत, म्हणून आपण फायलो आणि जोसिफस या जुन्या ज्यू लेखकांचा आधार घेतला. दुसरी, हा सिनेमा आजचा प्रश्न विचारतो. माणसं देवाच्या कायद्याखाली राहणार की हुकूमशहाच्या लहरीवर? माणूस सरकारच्या मालकीचा आहे का?

वर्ष लक्षात घ्या, १९५६. अमेरिका आणि सोव्हिएत रशिया यांच्यातलं शीतयुद्ध ऐन भरात होतं. त्यामुळे प्रेक्षकांना फारोमध्ये कोण दिसावं आणि मोझेसमध्ये कोण, हे वेगळं सांगायची गरज नव्हती. शेवटी हात उंचावून उभा राहिलेला मोझेस तर चक्क स्टॅच्यू ऑफ लिबर्टीसारखा दिसतो. राजकन्या नेफ्रेतिरी, मोझेस आणि रामसेस यांचा प्रेमाचा त्रिकोणही सिनेमाचाच. बायबलमध्ये त्याचा मागमूस नाही.

मग रामसेस हे नाव आलं कुठून? इस्राएली गुलामांनी बांधलेल्या एका नगराचं नाव निर्गममध्ये रामसेस असं आहे. त्यावरून काही अभ्यासकांनी अंदाज बांधला की तेव्हाचा फारो रामसेस असावा. सिनेमानं त्या अंदाजाला चेहरा दिला आणि तो पक्का होऊन बसला.

१९९८, ‘द प्रिन्स ऑफ इजिप्त’. ड्रीमवर्क्सचा हा ॲनिमेशनपट. आता शीतयुद्ध संपलेलं होतं. इथं रामसेस निव्वळ खलनायक नाही. तो मोझेसचा मोठा भाऊ आहे, बापाच्या अपेक्षांखाली दबलेला. गुलामांची सुटका तर आहेच, पण बघणाऱ्याच्या मनात राहते ती दोन भावांची ताटातूट. समुद्र पार झाल्यावरही पलीकडच्या किनाऱ्यावरून रामसेस मोझेसच्या नावानं हाका मारतो.

या सिनेमासाठी स्टुडिओनं ज्यू, ख्रिश्चन आणि मुस्लिम अभ्यासकांशी सल्लामसलत केली होती, कारण तिन्ही धर्मांना मोझेस आपला वाटतो. सुरुवातीला पाटीही आहे. आम्ही काही स्वातंत्र्य घेतलंय, मूळ गोष्ट निर्गममध्ये वाचा, अशा अर्थाची.

२०१४, ‘एक्झोडस: गॉड्स अँड किंग्ज’. दिग्दर्शक रिडली स्कॉट, मोझेस झालाय ख्रिश्चन बेल. इथं चमत्कारांना शक्यतो विज्ञानाचा आधार द्यायचा प्रयत्न आहे. आधी मगरी माजतात, नदी रक्तानं लाल होते, मग बेडूक बाहेर येतात, मग माश्या, मग रोगराई. एकातून दुसरं. समुद्राच्या दोन उभ्या भिंती होत नाहीत, तर त्सुनामीच्या आधी पाणी मागं हटावं तसा समुद्र ओसरतो. देव दिसतो तो एका हट्टी लहान मुलाच्या रूपात, आणि मोझेस सोडून तो कुणाला दिसतच नाही. म्हणजे हा देव खरा की मोझेसच्या मनाचा खेळ, हे प्रेक्षकानं ठरवायचं.

आता तुम्ही म्हणाल, डमिलनं श्रद्धेनं दाखवलं आणि स्कॉटनं मोडतोड केली. पण निर्गमचा चौदावा अध्याय वाचला तर तिथं दोन्ही आहे. रात्रभर पूर्वेचा जोरदार वारा वाहिला आणि समुद्र मागं हटला, असंही लिहिलंय. आणि लोक चालले तेव्हा दोन्ही बाजूंना पाण्याच्या भिंती होत्या, असंही लिहिलंय. डमिलनं भिंती उचलल्या, स्कॉटनं ओसरणारं पाणी. दोघांनीही निवडच केली.

नोहा शाकाहारी कसा झाला?

त्याच २०१४ मध्ये डॅरन ॲरोनॉफ्स्कीचा ‘नोहा’ आला. प्रमुख भूमिकेत रसेल क्रो. हा नोहा मांस खात नाही, गरजेपेक्षा जास्त फूलसुद्धा तोडत नाही. त्याच्या भोवतालच्या माणसांनी खाणी खणून आणि जंगलं तोडून जमीन ओसाड करून टाकली आहे. हवामान बदलाच्या काळातला हा महापूर आहे, हे लपवलेलं नाही.

त्यात दगडी राक्षसही आहेत. ते बघून बरेच प्रेक्षक वैतागले. पण ते पूर्ण हवेतून आलेले नाहीत. उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायात ‘नेफिलीम’ नावाच्या गूढ लोकांचा उल्लेख आहे आणि हनोखच्या प्राचीन ग्रंथात पृथ्वीवर उतरलेल्या पहारेकरी देवदूतांची कथा आहे. त्यांचं मिश्रण करून हे राक्षस बनवले गेले.

मोठा बदल मात्र वेगळाच आहे. सिनेमातल्या नोहाला वाटतं की देवाला माणूस ही जातच संपवायची आहे, आपल्या कुटुंबासकट. तारवावर जन्मणाऱ्या आपल्या नातींनाही मारायला तो तयार होतो. बायबलमध्ये हे नाही. तिथं नोहाच्या तिन्ही मुलांची लग्नं झालेली आहेत आणि पुढची पिढी येणार हे आधीच ठरलेलं आहे. ॲरोनॉफ्स्कीनं नोहाच्या गप्प बसण्यातून प्रश्न काढला. सगळं जग बुडताना जो माणूस एक शब्द बोलत नाही, त्याच्या डोक्यात काय चाललं असेल?

स्टुडिओ पॅरामाउंटला प्रेक्षक दुखावतील याची धास्ती होती. जाहिरातींमध्ये खुलासा टाकला गेला की सिनेमा नोहाच्या कथेवरून प्रेरित आहे, मूळ कथा उत्पत्तीमध्ये आहे. तरीही संयुक्त अरब अमिरात, कतार, बहारीन, इंडोनेशिया अशा देशांनी तो दाखवू दिला नाही. नोहा म्हणजे नूह हे इस्लाममध्ये पैगंबर आहेत आणि पैगंबरांचं चित्रण करणं तिथं बहुतेकांना मान्य नाही. शिवाय कुराणातली गोष्टही थोडी वेगळी आहे. तिथं नूहचा एक मुलगा तारवात यायला नकार देतो आणि बुडतो.

एकच गाव, दोन येशू

येशूच्या बाबतीत अडचण उलटी आहे. इथं एक नाही, चार वृत्तांत आहेत. मत्तय, मार्क, लूक आणि योहान. ते सगळीकडे जुळत नाहीत. क्रूसावरचे येशूचे शेवटचे शब्दच घ्या. मार्कमध्ये तो देवानं मला का सोडलं असा टाहो फोडतो. लूकमध्ये शांतपणे स्वतःला पित्याच्या हाती सोपवतो. योहानमध्ये काम पूर्ण झाल्याचं सांगतो. दिग्दर्शकानं कुठला येशू घ्यायचा?

दक्षिण इटलीत मतेरा नावाचं एक प्राचीन गाव आहे. डोंगर कोरून केलेली घरं, पांढरा दगड. तिथं चाळीस वर्षांच्या अंतरानं येशूवरच्या दोन सिनेमांचं शूटिंग झालं. दोन्हींमधला येशू पार वेगळा आहे.

पहिला १९६४ चा, पिअर पाओलो पाझोलिनींचा. पाझोलिनी मार्क्सवादी आणि नास्तिक. आदल्याच वर्षी त्यांच्या एका लघुपटावर धर्माचा अवमान केल्याचा खटला होऊन त्यांना शिक्षाही झाली होती. या माणसानं ‘मत्तयकृत शुभवर्तमाना’वर सिनेमा करायचं ठरवलं. एकच वृत्तांत घेतला, संवाद त्यातलेच ठेवले. आधी ते पॅलेस्टाइनला जागा बघायला गेले होते, पण तिथं सगळं फार आधुनिक वाटलं, म्हणून इटलीतल्या गरीब गावांकडे वळले. येशूची भूमिका दिली एन्रिके इराझोकी या एकोणीस वर्षांच्या स्पॅनिश विद्यार्थ्याला. म्हातारी मरीया झाल्या स्वतः पाझोलिनींच्या आई. बाकीचे चेहरे शेतकऱ्यांचे, कामगारांचे. हा येशू झपझप चालतो, चिडतो, श्रीमंतांना सुनावतो. सिनेमा अर्पण केला आहे पोप तेविसावे जॉन यांना. आणि २०१४ मध्ये व्हॅटिकनच्या वृत्तपत्रानं हा येशूवरचा सर्वोत्तम सिनेमा असल्याचं म्हटलं.

दुसरा २००४ चा, मेल गिब्सनचा ‘द पॅशन ऑफ द क्राइस्ट’. गिब्सन कट्टर श्रद्धाळू कॅथलिक. त्यानं येशूच्या आयुष्यातले शेवटचे बारा तास घेतले. सगळे संवाद अरामी, लॅटिन आणि हिब्रू भाषेत. येशू झालेल्या जिम कॅव्हिझलचे निळे डोळे संगणकावर तपकिरी केले, कारण गालीलमधला ज्यू माणूस निळ्या डोळ्यांचा दाखवणं पटणारं नव्हतं. सुमारे ३ कोटी डॉलरमध्ये बनलेल्या या सिनेमानं जगभरात ६० कोटींहून जास्त डॉलर कमावले.

इतक्या तपशिलामुळे हे सगळं जसंच्या तसं घडलं असावं असं वाटतं. पण शुभवर्तमानांत येशूला फटके मारले याचा उल्लेख एखाद्या शब्दात उरकलेला आहे. सिनेमात तो प्रसंग मिनिटामागून मिनिटं चालतो. यातले बरेच तपशील ॲन कॅथरिन एमरिख या जर्मन जोगिणीला झालेल्या दृष्टान्तांवर लिहिलेल्या एकोणिसाव्या शतकातल्या पुस्तकातून आले आहेत. आणि रोमन साम्राज्याच्या त्या भागात कारभाराची भाषा मुख्यतः ग्रीक होती, ती सिनेमात नाहीच.

थोडक्यात, नास्तिकानं मूळ शब्दांना हात लावला नाही आणि श्रद्धाळू माणसानं बाहेरची भर घातली. दिग्दर्शकाचा धर्म बघून सिनेमा मूळ ग्रंथाला किती धरून आहे हे ठरवता येत नाही.

चूक झाली तर भोगतं कोण?

‘सिनेमाच तो, एवढं काय मनावर घ्यायचं’ असं म्हणता येईल. पण इथं दोन उदाहरणं बघावी लागतील.

पहिलं ज्यू लोकांचं. येशू स्वतः ज्यू, त्याचे शिष्य ज्यू. क्रूसावर चढवणं ही रोमन शिक्षा आणि हुकूम रोमन अधिकारी पिलाताचा. पण मत्तयच्या वृत्तांतात एक प्रसंग आहे. जमलेली गर्दी येशूच्या रक्ताची जबाबदारी स्वतःवर आणि आपल्या मुलाबाळांवर घेते. या एका ओळीवरून युरोपात शतकानुशतकं सगळ्या ज्यूंना ‘ख्रिस्ताचे मारेकरी’ ठरवलं गेलं. ईस्टरच्या आधी येशूच्या मरणाची नाटकं व्हायची आणि अनेक ठिकाणी त्या दिवसांत ज्यू वस्त्यांवर हल्ले व्हायचे. जर्मनीतल्या ओबरामरगाऊ गावात असं नाटक १६३४ पासून होतं. १९३४ मध्ये हिटलर ते बघायला गेला होता आणि पुढं त्यानं त्याचं कौतुकही केलं. दुसऱ्या महायुद्धानंतर टप्प्याटप्प्यानं त्या नाटकाची संहिता बदलण्यात आली.

१९६५ मध्ये व्हॅटिकननं अधिकृतपणे सांगितलं की येशूच्या मृत्यूचा दोष तेव्हाच्या सगळ्या ज्यूंवर सरसकट किंवा आजच्या ज्यूंवर टाकता येणार नाही. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या कॅथलिक बिशपांनी या प्रसंगाच्या नाट्यरूपांतरासाठी मार्गदर्शक निकषही काढले.

म्हणून गिब्सनचा सिनेमा आला तेव्हा ज्यू संघटनांनी आणि अनेक ख्रिश्चन अभ्यासकांनीही आक्षेप घेतला. ती ओळ सिनेमात राहिली, अरामी भाषेत ऐकूही येते. फक्त तिचं भाषांतर पडद्यावर खाली दिलेलं नाही. सिनेमातला पिलात मात्र बिचारा, अडचणीत सापडलेला वाटतो. फायलो आणि जोसिफस यांच्या लिखाणातला पिलात क्रूर आणि बेमुर्वत आहे.

दुसरं उदाहरण मेरी मॅग्डलीनचं. मराठी बायबलमधली मरीया मग्दालिया. लूक सांगतो की येशूनं तिच्यातून सात भुतं काढली होती. मत्तय, मार्क आणि योहान यांच्या वृत्तांतांत ती क्रूसाजवळ आहे. योहानमध्ये पुन्हा उठलेला येशू सगळ्यात आधी तिलाच भेटतो. मग वेश्या कशी झाली? लूकमध्ये तिच्या उल्लेखाच्या जरा आधी एका निनावी पापी बाईची गोष्ट येते. इ.स. ५९१ च्या सुमारास पोप पहिले ग्रेगरी यांनी एका प्रवचनात या वेगवेगळ्या बायका एकच असल्याचं सांगितलं आणि ते चिकटलं.

कॅथलिक चर्चनं १९६९ मध्ये आपल्या दिनदर्शिकेत या बायका वेगळ्या केल्या. तरी १९८८ च्या मार्टिन स्कोर्सेसीच्या ‘द लास्ट टेम्प्टेशन ऑफ क्राइस्ट’मध्ये ती वेश्याच आहे आणि गिब्सनच्या सिनेमात व्यभिचारात पकडलेली बाई. २०१६ मध्ये व्हॅटिकननं तिला प्रेषितांच्या बरोबरीचा सण दिला. २०१८ च्या ‘मेरी मॅग्डलीन’ या सिनेमात अखेर ती शिष्या म्हणून दिसली, आणि शेवटी पाटी दाखवून ५९१ ची ती चूकही सांगितली गेली.

एका बाईच्या नावावरचा डाग पुसायला चौदाशे वर्षं लागली. तो पुसला गेल्यावरही सिनेमांनी तो पुन्हा पुन्हा रंगवला.

बंदी घालून काय झालं?

स्कोर्सेसीचा सिनेमा निकोस कझानझाकिस यांच्या कादंबरीवर होता. क्रूसावरच्या येशूला साध्या संसाराचा मोह होतो, अशी कल्पना. सिनेमाच्या सुरुवातीलाच स्पष्ट लिहिलंय की हा शुभवर्तमानांवर आधारलेला नाही. तरीही ऑक्टोबर १९८८ मध्ये पॅरिसमध्ये तो चालू असताना सेंट मिशेल थिएटरला आग लावण्यात आली आणि प्रेक्षक जखमी झाले.

चिलीनं त्यावर बंदी घातली. प्रकरण आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयात गेलं. २००१ मध्ये निकाल लागला की ही बंदी अभिव्यक्तीच्या हक्काचा भंग करते. त्याच वर्षी चिलीनं राज्यघटनेतच बदल करून सिनेमावरची पूर्वसेन्सॉरशिप काढून टाकली. ज्या सिनेमाला गप्प करायचं होतं, त्याच्यामुळेच कायदा बदलला.

याचा आपल्याशी काय संबंध?

जवळचा संबंध आहे. १९१०-११ च्या सुमारास मुंबईतल्या गिरगावात एका थिएटरमध्ये ‘द लाइफ ऑफ क्राइस्ट’ हा मूकपट लागला होता. बघायला बसले होते धुंडिराज गोविंद फाळके. पडद्यावर येशू दिसत होता आणि फाळक्यांच्या डोळ्यांसमोर राम आणि कृष्ण उभे राहत होते. हे त्यांनी स्वतःच पुढं लिहून ठेवलंय. विमा पॉलिसी गहाण टाकून ते लंडनला गेले, तंत्र शिकले आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ आला. भारतीय सिनेमाची सुरुवात ज्या ठिणगीनं झाली, ती बायबलवरच्या सिनेमाची होती.

त्याच्याही तीनशे वर्षं आधी गोव्यात एक रूपांतर झालं होतं. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आले, मराठी शिकले आणि १६१६ मध्ये त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं. सुमारे ११ हजार ओव्या. त्यात स्वर्गासाठी चक्क ‘वैकुंठ’ हा शब्द आहे. समोरच्या माणसाला कळेल अशा शब्दांत, त्याच्या ओळखीच्या छंदात गोष्ट सांगायची, हेच तर रूपांतर.

पुढं १९७८ मध्ये तेलुगूत येशूवर ‘करुणामयुडु’ आला आणि हिंदीत ‘दयासागर’ नावानं गावोगावी दाखवला गेला. १९७९ चा इंग्रजी ‘जीझस’ तर दोन हजारांहून जास्त भाषांत डब झालाय, त्यात मराठीही आहे.

आता मोबाइलवरचा येशू

सध्या या प्रकारातलं सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे ‘द चोझन’ ही मालिका. मोठ्या स्टुडिओऐवजी लोकांकडून थोडे थोडे पैसे गोळा करून सुरू झालेली. पहिल्या सीझनसाठी एक कोटी डॉलरहून जास्त रक्कम अशीच उभी राहिली. ॲपवर फुकट बघता येते. त्यात शिष्यांना पूर्ण आयुष्यं दिली आहेत. कर वसूल करणारा मत्तय आकड्यांत रमणारा आणि लोकांशी बोलताना गोंधळणारा आहे, पेत्र कर्जात बुडालेला आहे.

या मालिकेत येशूच्या तोंडी असलेलं एक वाक्य टी-शर्टवर छापून विकलं जातं. ते बायबलमध्ये नाही. मालिका सुरू होताना हे सांगते की आम्ही भर घातली आहे. पण तीस सेकंदांच्या रीलमध्ये ती पाटी येत नाही. नुसती क्लिप फिरते, खाली ‘येशूचं वचन’ असं कुणीतरी लिहितं, आणि पुढची तीन नंबरच्या प्रश्नासारखी समजूत तयार व्हायला लागते.

म्हणून अशी क्लिप किंवा सिनेमा बघितल्यावर चार प्रश्न विचारून बघा.

१. हा प्रसंग मूळ पुस्तकात आहे का? असेल तर किती ओळींत आहे?

२. एकाहून जास्त वृत्तांत असतील तर यानं कुठला घेतला आणि कुठला सोडला?

३. सिनेमा कुठल्या वर्षी आला आणि तेव्हा जगात काय चाललं होतं?

४. खलनायक कोण ठरलाय? ते एक माणूस आहे की अख्खा समाज?

पहिल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं काहीही आली तरी सिनेमा मजेत बघता येतो. भर घातली म्हणून ‘द प्रिन्स ऑफ इजिप्त’ वाईट ठरत नाही, उलट त्या दोन भावांमुळेच तो लक्षात राहतो. चौथ्या प्रश्नाचं उत्तर मात्र शेअरचं बटण दाबायच्या आधी तपासलेलं बरं. आणि नोहाचा सिनेमा बघणार असाल तर आधी उत्पत्तीचे ते चार अध्याय वाचून घ्या. पाव तासाचं काम आहे.